आमची वाटचाल: हरवलेली वळचण शोधताना

पुण्यातल्या जुन्या वाड्यांना वळचण असायची. पागोळ्या भिंतीपासून हात-दीड हात लांब पडायच्या आणि दुपारी भिंतीवर सावली असायची. आजच्या इमारतीचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, सपाट असतं. पाऊस आणि ऊन दोन्ही सरळ सांध्यांवर येतात. खिडकी, शीट, काच, जाळी, वेली या क्रमाने आमच्या एलिव्हेशनची कामं करणाऱ्या फर्मचं काम वाढत गेलं. मागे वळून बघताना वाटतं, प्रत्येक टप्प्यावर आम्ही तीच वळचण वेगळ्या रूपात परत बसवत होतो.

सुरुवात ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांपासून झाली, या धंद्यात बहुतेकांची तशीच होते. खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला साधारण 25 बाय 6 मिमीची भोकं पाडलेली असतात. ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते बाहेर काढायला ती असतात. रंगकाम झालं की त्यात पुट्टी बसते. पहिल्या मोठ्या सरीत ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या भिंतीत उतरतं. ग्राहक म्हणतो, सिलिकॉन मारून द्या. कारागीर बाहेरून सिलिकॉन ओढतो आणि उरलीसुरली भोकंही बुजतात. खिडकी गळण्याचं एवढं साधं कारण फार वेळा असतं. त्यामुळे पाणी अडवण्याआधी त्याला वाट द्यायची, ही सवय आम्हाला खिडकीनेच लावली. खालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार आणि पोटाशी एक खाच द्यायची. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे येतं.

मग एसीपीचे, म्हणजे भिंतीवर बसवायच्या ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे दिवस आले. शोरूम, बँका, दवाखाने, सगळ्यांना चकचकीत शीट हवी होती. आम्ही ते काम भरपूर केलं, आणि त्यातल्या चुका दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. शीट 4 मिमीची. दोन्ही बाजूंना 0.5 मिमी ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मधे 3 मिमीचा गाभा, म्हणजे कोअर. कडा दुमडायची तर मागून राउटर या कापणाऱ्या यंत्राने 90 अंशांची व्ही खाच मारतात. मागचा पत्रा आणि कोअर कापायचा, पण समोरच्या पत्र्याला लागून कोअरचा 0.3 मिमी थर राखायचा. राउटरने तो थरही कापला की वाकवताना समोरच्या पत्र्यावर बारीक रेघ येते. नवी असताना ती रंगाखाली लपते, दोन उन्हाळ्यांनी तिथेच चीर पडते. म्हणून शीट बदलली की आधी एक तुकडा कापून, दुमडून, नखाने कडा तपासायची. राउटरची खोली कालच्या शीटवरून ठरवायची नाही.

आता सांधा. एसीपी 100 अंश तापमान फरकाला मीटरमागे सुमारे 2.4 मिमी वाढते. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यात तापलेली गडद शीट यांत 60 अंशांचा फरक धरला, तर 3 मीटरची शीट 4 मिमीहून जास्त हलते. ती चारही बाजूंनी स्क्रूने आवळली की फुगते आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात एलिव्हेशनवर लाटा दिसतात. आम्ही मधला आधार पक्का ठेवतो आणि बाकी ठिकाणी लांबट भोकं. सांधा 12 मिमी रुंद, त्यात 15-16 मिमीचा फोमचा बॅकर रॉड दाबून बसवायचा आणि त्यावर 6 मिमी जाडीचं न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारं) सिलिकॉन. रॉड गाळला तर सिलिकॉन दोन्ही कडांसोबत तळालाही चिकटतं, मग त्याला ताणायला जागा उरत नाही आणि ते मधोमध फाटतं. भरण्याची वेळही बघावी लागते. पहाटेच्या थंडीत सांधा सर्वांत रुंद असतो, कडक दुपारी सर्वांत अरुंद. मधली वेळ बरी. आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन मात्र साइटवर येऊच देत नाही. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याने पत्रा आणि दगड दोन्ही खराब होतात.

फ्रेम कशात ठोकली आहे, हे शीटपेक्षा महत्त्वाचं. आयएस 875 या भारतीय मानकाच्या वाऱ्याच्या भारावरच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद धरला आहे, मुंबईसाठी 44. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 या हिशेबाने पुण्यात चौरस मीटरला सुमारे 912 न्यूटन, म्हणजे 93 किलोच्या आसपास दाब येतो. उंची आणि भोवतालचा मोकळेपणा बघून तो बदलतो. चार बाय आठ फुटांच्या एका शीटवर हा चांगला 270 किलोंच्या घरातला भार होतो. इमारतीच्या कोपऱ्यांवर तर वारा शीट बाहेर ओढतो आणि ती ओढ आणखी जास्त असते. हे सगळं सायपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये ठोकलेल्या साध्या अँकरवर सोडलं तर कधी ना कधी शीट रस्त्यावर येणार. ब्रॅकेट बीमला किंवा स्लॅबच्या कडेलाच घ्यायचा. दोन स्लॅबमधलं अंतर जास्त असेल तर उभा पाइप जाड करा, मधे सायपोरेक्सचा आधार शोधू नका.

स्लॅबच्या कडा ओळंब्यात नसतात, हे वेगळं सांगायला नको. पाच मजल्यांत 30-40 मिमीचा फरक सर्रास सापडतो. कोपऱ्यांवर वरून तार सोडून प्रत्येक मजल्याला माप घेतल्याशिवाय आम्ही एकही ब्रॅकेट कापत नाही.

14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि 72 माणसं गेली. तिथल्या शीटचा कोअर पॉलिइथिलिनचा होता. त्यानंतर आमच्या कोटेशनमधला 'एसीपी' हा नुसता शब्द गेला आणि त्याच्या जागी कोअरचा प्रकार आला. साधा कोअर ज्योतीवर धरला की मेणबत्तीसारखा वितळून जळते थेंब टाकतो. एफआर (आगीला दाद न देणाऱ्या) कोअरमध्ये बहुतांश खनिज भरलेलं असतं, तो काजळतो आणि ज्योत काढली की बहुधा विझतो. साइटवर आलेल्या गठ्ठ्यातला तुकडा असा बघून घेता येतो, पण ती फक्त फसवणूक पकडण्याची युक्ती. कागदावर चाचणी अहवालच हवा, आणि उंच इमारतीला ए2, म्हणजे जवळजवळ न जळणाऱ्या वर्गाची शीट. शिवाय शीटमागची पोकळी चिमणीसारखी आग वर ओढते, म्हणून प्रत्येक स्लॅबच्या पातळीला ती मिनरल वूलने, म्हणजे न जळणाऱ्या खनिज तंतूंच्या गादीने, बंद करावी लागते. बिलात हे दिसत नाही म्हणून गाळणारे अजून आहेत.

काचेचं थोडक्यात. पूर्ण काचेची भिंत आपल्या हवेत एसीचं बिल वाढवते. ऊर्जा बचतीच्या ईसीबीसी संहितेतही सरळ नियमांच्या मार्गाने जायचं तर काचेचं प्रमाण भिंतीच्या 40 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. दुहेरी काचेत लो-ई (उष्णता परतवणारा) लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पृष्ठावर यायला हवा. काच उलटी बसली की दिसायला सारखीच, उष्णता मात्र आत. टफन्ड काच कधी कधी कुणी हात न लावता फुटते. काचेत राहिलेले निकेल सल्फाइडचे कण त्याला कारण असतात. उंचावरच्या काचेला हीट सोक करून घेणं (भट्टीत तापवून सदोष काच आधीच फुटू देणं) किंवा लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर असलेली, काच वापरणं, एवढा खर्च करायलाच हवा.

खरा बदल उन्हाकडे बघायला लागल्यावर झाला. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला 48 अंशांवर असतो आणि 13 मेच्या आसपास अगदी डोक्यावर. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा बऱ्यापैकी काम करतो. पश्चिमेला तोच छज्जा जवळजवळ शोभेचा. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य 33 अंशांवर आलेला असतो, आणि 600 मिमीचा छज्जा चार फुटांच्या खिडकीचा जेमतेम वरचा 400 मिमी भाग झाकतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या 'कांचनजंगा'मध्ये पश्चिमेचं ऊन आणि समुद्राचा पाऊस दोन मजली खोल, बागेसारख्या व्हरांड्यांनी अडवला. ती इमारत 1983 ची. आमच्या गिऱ्हाइकांकडे एवढी जागा नसते, म्हणून आम्ही जाळीकडे वळलो.

जाळीचा हिशेब नक्षीवरून नाही, जाडी आणि भोकाच्या उंचीवरून होतो. 100 मिमी जाड जाळीत भोक 65 मिमीपेक्षा उंच ठेवलं की साडेचारचं ऊन सरळ आत. 65 च्या आत ठेवलं तर ते भोकाच्या बुडावर पडून उजेड होऊन आत येतं. भोकाचे आतले काठ फिकट ठेवले तर खोली अंधारी वाटत नाही. पाचनंतरचं ऊन मात्र यालाही दाद देत नाही, तिथे वेलच लागते.

टेराकोटाची जाळी बांधण्याआधी पाण्यात भिजवावी, नाहीतर ती सिमेंटचं पाणी शोषून घेते आणि सांधे भुरभुरीत होतात. दर दोन थरांनी 6 मिमीची आडवी स्टेनलेस सळई टाकायची. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि टेराकोटा फोडते. माल घेताना एक तुकडा दिवसभर डिस्टिल्ड पाण्यात बुडाशी उभा ठेवून वाळवा. वर पांढरं आलं तर भिंतीवरही लोणा येणार. कबुतरांचा विचार आधीच करावा. जाळी आणि खिडकीमधल्या मोकळ्या पट्टीत ती वरून उतरतात, म्हणून वरचं तोंड 50 मिमीच्या नेटने बंद करायचं आणि साफसफाईला एक झडप ठेवायची.

हिरव्या भिंतीत, म्हणजे फ्रेमवर उभ्या लावलेल्या रोपांत, आम्ही सर्वांत जास्त शिकलो, कारण ती सर्वांत लवकर मरते. ओली असताना फ्रेमसकट तिचं वजन चौरस मीटरला 40 ते 60 किलो भरतं. मागे वॉटरप्रूफिंग आणि किमान 50 मिमी मोकळी जागा हवीच. मे महिन्यात चौरस मीटरला दिवसाला 3 ते 5 लिटर पाणी लागतं. तासाला 2 लिटरचे दहा ड्रिपर (ठिबकच्या तोट्या) असतील तर 4 लिटरला 12 मिनिटं पुरतात, पण ती सलग द्यायची नाहीत. रोपांखालचं कोकोपीट (नारळाचा भुसा) एवढ्या वेगाने पाणी धरत नाही, ते खाली वाहून जातं. तीन-तीन मिनिटं चार वेळा द्यावं. तरीही वरची रांग सुकते आणि खालची कुजते. पंप बंद झाल्यावर नळ्यांत उरलेलं पाणी खालच्या ड्रिपरमधून गळत राहतं, हे त्याचं कारण. दाब गेला की स्वतः बंद होणारे ड्रिपर घेतले की हा त्रास बराच कमी होतो. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर पांढरे होऊन तुंबतात, त्यामुळे 120 मेशचा फिल्टर आणि दर आठवड्याला तो धुणारा माणूस, दोन्ही ठरवूनच काम घेतो. पश्चिमेच्या उन्हात फर्न लावू नये, कॅटलॉगमध्ये कितीही छान दिसो. तिथे रिओ आणि ड्युरांटा टिकतात. फर्न, सिंगोनियम सावलीतल्या भिंतीला.

खरं तर बजेट कमी असेल तर आम्ही हिरव्या भिंतीऐवजी वेलीच सुचवतो. भिंतीपासून 100 मिमी पुढे 4 मिमीच्या स्टेनलेस दोऱ्या, 300 मिमी अंतराने. मधुमालती खालून वर चढते, पडदा वेल गच्चीवरून खाली सोडायची. गच्चीवरची वाफ्याची कुंडी 450 बाय 450 मिमीची असेल तर ओल्या मातीचं वजन मीटरला साडेतीनशे किलोंपर्यंत जातं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आधी विचारा. आणि पावसाळ्यानंतर सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं बोटाएवढी असतानाच उपटा.

दिव्यांबद्दल एवढंच, की भिंतीपासून 150 मिमीवर लावलेली लिनियर लाइट दगडाचा आणि जाळीचा पोत खुलवते, पण एसीपीवर तीच प्रत्येक पोचा दाखवते. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली एक वेटोळं सोडायचं, म्हणजे पाणी तिथून टपकतं. वायरचीही ती वळचणच.

परांची उतरवण्याआधी पाइपने पाणी मारून बघतो. सुरुवात नेहमी खालून, सांध्याच्या पाच फुटांना पाच मिनिटं, मग वर सरकायचं. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. खालून गेलं तर आत पहिला थेंब दिसला की त्या क्षणी पाइप ज्या सांध्यावर आहे तोच उघडायचा. परांचीवाल्याला तारीख त्यानंतरच देतो.