साभार परत, पण पाकिटाविना

दिवाळी अंकांना कथा पाठवू लागले तेव्हा आमच्या पिढीला काही नियम आपोआप पाठ झाले होते: कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य लिहावे, स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी, पुरेशी तिकिटे लावलेले परतीचे पाकीट जोडावे, आणि एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे मुळीच पाठवू नये. इंग्रजीत लिहिलेली माझी पहिली कादंबरी लंडन आणि न्यूयॉर्कच्या साहित्य-एजंटांकडे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थांकडे, पाठवायला घेतली, तेव्हा हे सगळे शिष्टाचार पुन्हा नव्याने शिकावे लागले.

एजंट म्हटले की आपल्याला विमा नाहीतर आरटीओ आठवतो, कारण मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. ब्रिटन-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था मात्र एजंटाच्या हातून न आलेले हस्तलिखित सहसा पाहतही नाहीत. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी रुजवली. त्यांचे कमिशन 10 टक्के होते. आज ते साधारणपणे देशांतर्गत विक्रीवर 15 आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर 20 टक्के असते. लेखकाला पैसे मिळाले तरच एजंटाला मिळतात, म्हणून हस्तलिखित नुसते वाचण्यासाठी जो शुल्क मागतो त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

माझी पहिली चूक पत्रातच झाली. ‘आपल्यासारख्या जाणकारांपुढे हा अल्पसा प्रयत्न ठेवताना संकोच वाटतो’ या आपल्याकडच्या सवयीच्या वाक्याचे मी इंग्रजी केले होते. आपल्याकडे हा विनय समजला जातो, पण तिकडे ढीगभर पत्रे चाळत बसलेल्या माणसाला तो निव्वळ पाल्हाळ वाटतो, किंवा लेखिकेचाच पुस्तकावर विश्वास नाही असा अर्थ लागतो. पत्र एका पानाचे असावे. कादंबरीचे नाव, प्रकार आणि शब्दसंख्या, मग नायिकेला काय हवे आहे आणि कशाची अडचण आहे एवढे सांगणारे एकदोन परिच्छेद, गेल्या काही वर्षांत आलेल्या आणि आपल्या कादंबरीच्या वाचकालाही आवडतील अशा एकदोन पुस्तकांची नावे, स्वतःविषयी दोन ओळी, आणि याच एजंटाला का लिहीत आहोत याचे खरे कारण, एवढे पुरते. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कादंबरी फार आवडली, हे लिहू नये. एजंटाच्या नावाचे स्पेलिंग चुकवणे तर अक्षम्यच.

सोबत काय पाठवायचे हे प्रत्येक संस्था आपल्या संकेतस्थळावर सांगते आणि ते शब्दशः पाळावे लागते. ब्रिटनमध्ये बहुधा पहिली तीन प्रकरणे आणि सारांश मागतात. अमेरिकेत अनेकदा पत्र आणि पहिली पाचदहा पानेच, तीही इमेलच्या मजकुरातच चिकटवलेली, कारण अनोळखी व्यक्तीची जोडलेली फाइल अनेक जण उघडतच नाहीत. सारांशात शेवट सांगायचा असतो. मी तो रहस्य म्हणून दडवला होता आणि वर ‘पुढे काय होते ते प्रत्यक्ष वाचावे’ असे लिहिले होते, जे आठवले की आजही कानकोंडे व्हायला होते.

त्याहून मोठी चूक म्हणजे शेवटची चार प्रकरणे कच्ची असताना मी पत्रे पाठवली. कथात्मक लेखन पूर्ण झाल्याशिवाय पाठवू नये हा नियम मला माहीत होता. उत्तर यायला महिने लागतील आणि तेवढ्यात काम उरकेल, असा माझा हिशेब होता. एका एजंटाने नवव्या दिवशी संपूर्ण हस्तलिखित मागवले. मी घाईने ते पाठवले आणि पंधरा दिवसांनी ‘ही सुधारलेली प्रत वाचावी’ म्हणून दुसरे पाठवले. त्यांचे दोन ओळींचे नकारपत्र सभ्य होते, पण त्यातला कंटाळा लपत नव्हता.

एकाच वेळी अनेकांकडे पाठवणे तिकडे रीतसर मानले जाते, फक्त एकाच संस्थेतल्या दोघांकडे एकदम पाठवू नये. मात्र कोणी प्रतिनिधित्व देऊ केले, तर हस्तलिखित ज्यांच्याकडे आहे त्या बाकीच्यांना लगेच कळवून निर्णयासाठी साधारण दोन आठवडे द्यायचे असतात. ही वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

फोन करायचा नाही, हे मला सर्वांत जड गेले. आपल्याकडे महिनाभराने ‘वाचून झाले का?’ असे संपादकांना विचारणे आगाऊपणाचे मानत नाहीत, उलट चौकशी न करणाऱ्यालाच गरज नसावी असे समजतात. तिकडे अनेक संस्था ठरावीक आठवड्यांत उत्तर आले नाही तर नकार समजावा, असे आधीच लिहून ठेवतात. पूर्वी परत आलेल्या पाकिटावर आपलेच अक्षर दिसे आणि ते फोडण्याआधीच सगळे कळे. आता बारा आठवडे उलटले की वहीत त्या नावापुढे ‘साभार परत’ असे मीच लिहिते.