जाड पडदा : आण्णांचा आणि माझ्या लेकाचा

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेवण झालं की धाप लागायची. सकाळी रिकाम्या पोटी अजिंक्यताऱ्याची निम्मी चढण चढून यायचे, पण दुपारी आमटी-भाकरी खाऊन माडीवर जायचं म्हटलं की चौथ्या पायरीला कठडा धरायचे. २०२२ चा उन्हाळा होता, वय ६८. आम्ही म्हटलं, आता वय झालं. जवळच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट लिहून दिली. एकदा छाती भरून आली म्हणून मीच ती गोळी त्यांना दिली. पाच मिनिटांत ते ओट्यावरच आडवे झाले. कपाळाला हात लावला तर गार घाम. तो गारवा अजून माझ्या तळहातात आहे.

पुण्याला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. डॉक्टरीणबाई आण्णांना म्हणाल्या, "काका, श्वास रोखा आणि शौचाला जोर लावतात तसा लावा." आण्णांनी जोर लावला आणि मशीनवरचा अडथळ्याच्या दाबाचा ३६ चा आकडा ९२ वर गेला. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला स्नायूचा पडदा १९ मिलिमीटर जाड निघाला. एरवी तो ११-१२ च्या आत असतो. नाव सांगितलं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. बाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. जाड पडद्यामुळे रक्त बाहेर जायची वाट अरुंद झालेली, आणि जोरात पंप झाला की शेजारच्या झडपेची पाकळीही त्या वाटेत ओढली जाते. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा रक्तवाहिन्या सैल पडल्या की कप्पा नीट भरत नाही आणि वाट आणखी आवळते. सॉर्बिट्रेटने नेमकं तेच झालं होतं. पाणी काढणारी गोळी आणि रक्तवाहिन्या सैल करणारी बीपीची गोळी, दोन्ही त्याच दिवशी बंद झाल्या. त्याऐवजी ठोके संथ करणारी मेटोप्रोलॉल सुरू केली.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

आण्णा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "माझा थोरला."

दादा १९९८ मध्ये गेला, २२ व्या वर्षी. माहुलीच्या घाटावर पोहून वर आला, अंग पुसलं, आणि कोसळला. ऊन लागलं असं सगळे म्हणाले. २४ वर्षं आम्हीही तेच म्हणत आलो.

हा आजार आई-बापाकडून येतो आणि प्रत्येक लेकरात उतरायची शक्यता निम्मी असते. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो, म्हणजे तसा दुर्मीळ नाहीच. भारतीय उपखंडातल्या लोकांत त्याच्याशी जोडलेला एमवायबीपीसी-३ या जनुकातला एक दोष सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असं २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं. दोष असणाऱ्या प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. पण घरात एकाला निघाला की रक्ताच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांनी इको करायचा, हे बाईंनी दोनदा बजावलं. माझा पडदा १२ चा निघाला, म्हणजे काठावर. माझ्या लेकाचा २१.

तो तेव्हा १५ वर्षांचा, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करणारा. धाप नाही, चक्कर नाही, काही नाही. मुलांमध्ये नुसते मिलिमीटर बघत नाहीत, अंगाच्या मानाने जाडी मोजतात. त्या हिशोबानेही ती फार होती. त्याची रक्ताची वाट मात्र मोकळी होती. मला वाटलं, म्हणजे आण्णांपेक्षा बरं. बाईंनी मान हलवली. आण्णांचा त्रास अडथळ्याचा आहे आणि मुलाचा धोका ठोक्यांचा, हे मला तिथे कळलं. ४८ तास ठोके नोंदवत राहणाऱ्या होल्टर यंत्रात त्याच्या ठोक्यांची वेडीवाकडी धाव दोनदा सापडली, एमआरआयमध्ये स्नायूत वणाचे पांढरे पट्टे दिसले. त्यात मामाचं ते जाणं. तिन्ही गोष्टी एकत्र धरून आयसीडी बसवायचा सल्ला मिळाला. ठोका बिघडलाच तर आतूनच झटका देऊन तो ताळ्यावर आणणारं यंत्र. ते आजार बरा करत नाही, राखण करतं. पंधराव्या वर्षी बसवलं की पुढे कितीतरी वेळा बॅटरीसाठी यंत्र बदलावं लागणार, यंत्रातून हृदयात जाणाऱ्या तारेची दुखणी निघू शकतात, कधी उगाचही झटका बसू शकतो. बाईंनी काहीच लपवलं नाही. आम्ही दोघं नवरा-बायको तीन रात्री झोपलो नाही. पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि बसवलं.

कबड्डी सुटली. यंत्रावर आदळणारा खेळ नको म्हणाले. चालणं, हलकी सायकल चालेल. त्याने संघाचा बनियन स्वतः धुतला, घडी घालून कपाटात अगदी खाली ठेवला. मला म्हणाला, "आई, कुणाला देऊ नकोस."

आण्णांची धाप गोळीने उतरली, पण पुरती नाही. सहा महिन्यांनी दोन वाटा समोर आल्या. छाती उघडून जाड स्नायू खरवडून काढायचा, किंवा पातळ नळीच्या वाटेने पडद्याला रक्त देणाऱ्या बारीक धमनीत एक-दोन मिली शुद्ध अल्कोहोल सोडून तेवढाच भाग मारायचा. तरुणाला अडथळा असता तर शस्त्रक्रियाच सुचवली असती, कारण अल्कोहोलने पडणारा वण जन्मभर स्नायूत राहतो. आण्णांची किडनी नाजूक, आधीची बायपास झालेली. त्यांना दुसरी वाट ठरली. आण्णा माळकरी. माळ हातात धरून त्यांनी विचारलं, "बाई, ही दारूच ना?" बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "काका, हे प्यायचं नाही, अंगात नशा म्हणून उतरायचंही नाही. नको असलेला स्नायू जाळायचं औषध आहे." आण्णांनी माळ डोळ्यांना लावली आणि सही केली.

औषध सोडताना छातीत कळ आली म्हणाले, आणि आली तशी गेली. ठोका अडखळू शकतो म्हणून तीन दिवस तात्पुरता पेसमेकर लावून ठेवला होता. कायमचा लागला नाही. तीन महिन्यांनी जोर लावूनही आकडा २० च्या आत. आता जेवून माडीवर जातात. एकादशी धरतात, पण निर्जळी नाही, तांब्या उशाशी.

एक मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही. नातवाच्या कॉलरपाशी यंत्राचा उंचवटा दिसला की विचारतात, "माझ्याकडूनच गेलं ना गं हे?" मी म्हणते, "आण्णा, तुमचं निघालं म्हणून त्याचं वेळेत कळलं." ऐकून घेतात. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात.

इस्लामपूरच्या काकांची तीन मुलं अजून इकोला गेलेली नाहीत. काका म्हणतात, आमच्यात कुणाला काही होत नाही. धाकटा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. मी चार वेळा फोन केला. रविवारी आण्णांना घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे.