अर्ध्या पेनीचा पूल

डंकेल्ड आणि बर्नम ही स्कॉटलंडमधली दोन गावं टे नदीच्या दोन काठांवर आहेत, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवर दोघांची नावं जोडीने येतात. पाटीवर मान डंकेल्डचा, स्टेशन मात्र बर्नमच्या बाजूला. लेक एडिनबऱ्याला राहते, तिच्याकडे गेलो असताना पर्थमार्गे इनव्हरनेसला जाणाऱ्या गाडीने आम्ही इथे उतरलो. हायलँड्सचे डोंगर इथूनच सुरू होतात.

बर्नमला गावपण आलं ते रेल्वेमुळे. १८५६ साली गाडी आली आणि पुढची सात वर्षं रूळ इथेच संपत होते, त्यामुळे डोंगर बघायला निघालेली पैसेवाली मंडळी आपोआप इथेच मुक्काम ठोकत. त्यांच्यासाठी बांधलेली टोकदार छपरांची दगडी घरं अजून आहेत. स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये आता मोठा हमरस्ता घुसलाय, गाड्या सुसाट धावत असतात.

गावातल्या बागेत सशांचे पुतळे आहेत. ‘पीटर रॅबिट’ या सशाच्या गोष्टीच्या लेखिका बीएट्रिक्स पॉटर लहानपणापासून उन्हाळ्यात या भागात यायच्या. त्यांनी आजारी मुलाला सशाच्या गोष्टीची जी चित्रमय चिठ्ठी पाठवली, ती १८९३ साली पलीकडच्या काठावरच्या घरातून गेली. नातू सशांपाशी रमला. मला मात्र पॉटरबाईंच्या ओळखीतला पोस्टमन जास्त भावला. चार्ल्स मॅकिन्टॉश हा टपाल वाटता वाटता रानातल्या अळंब्यांचा जाणकार झाला होता. पॉटरबाई अळंब्यांची चित्रं काढत आणि हा त्यांना नमुने पाठवी, अर्थात टपालाने.

बर्नमचं नाव जगाला ठाऊक आहे ते शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकामुळे. बर्नमचं जंगल चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, असं भाकीत मॅक्बेथ राजाला मिळतं आणि शत्रूचे सैनिक याच जंगलातल्या फांद्या तोडून, त्यांच्याआड लपून चाल करून येतात. शि. म. परांजप्यांनी या नाटकाचं मराठीत ‘मानाजीराव’ केलं, तेव्हा आपलंही थोडं नातं लागतंच. त्या जंगलातला म्हणून एक ओक नदीकाठी दाखवतात. बुंधा खालून पोकळ, आडव्या गेलेल्या फांद्यांना लाकडी टेकू. जिथे फांद्या घेऊन जायचं ती डनसिनेनची टेकडी इथून वीसेक किलोमीटरवर आहे हे कळल्यावर आमचे हे म्हणाले, “फांदी खांद्यावर टाकून एवढं चालायचं म्हणजे लढाईआधीच निम्मं सैन्य गार.”

ओकापासून नदीकाठच्या पायवाटेने पुलाशी आलो. टे ही स्कॉटलंडमधली सगळ्यांत लांब नदी, आणि पाणी तर सगळ्या ब्रिटनमध्ये हिच्यात जास्त. पूल होण्याआधी पैलतीर गाठायला होडीच होती. थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरचा हा दगडी पूल १८०९ साली पुरा झाला. बांधकामाच्या खर्चाला सरकारने हातभार लावला, तरी मोठा भार अथॉलच्या चौथ्या ड्यूकने उचलला आणि वसुलीसाठी पुलावर टोल बसवला. चालत जाणाऱ्याला अर्धी पेनी. एका पौंडात तेव्हा २४० पेन्या असत.

अर्धी पेनी म्हणजे काहीच नाही, असं पाहुण्याला वाटेल. पण पाहुणा एकदाच पूल ओलांडतो. इथल्या माणसाला कामाला जायचं, समोरच्या गावातल्या बहिणीकडे जायचं, शिवाय १८५६नंतर गाडी पकडायची तर स्टेशनही पलीकडेच. रोजचं येणं-जाणं धरलं तर मजुराच्या घरात ती अर्धी पेनी जाणवणारच. आणि पैशापेक्षा जास्त डाचत असेल तो फाटक उघडायला उभा असलेला माणूस. पन्नास वर्षं झाली, पुलाचे पैसे फिटले की नाही ते एकदा दाखवा, अशी मागणी सुरू झाली. अलेक्झांडर रॉबर्टसन नावाचा व्यापारी या प्रकरणात पुढे होता. हिशेब उघड करा, एवढंच म्हणणं. ते सुटेना तेव्हा १८६८ साली लोकांनी टोलची फाटकं उखडून थेट नदीत फेकली. बंदोबस्ताला सैनिक आणावे लागले. फाटकं पुन्हा बसली, पुन्हा मोडली. टोल बंद झाला तो १८७९ साली, म्हणजे पूल झाल्यावर सत्तर वर्षांनी.

मी सारी नोकरी बँकेत काढली, त्यामुळे माझा कल कुणाकडे हे सांगायला नको. ड्यूकने खर्च केला होता हे खरंच, आणि कदाचित त्याची रक्कम वसूलही झाली नसेल. पण वसुली चालू आणि वही बंद, हे कुठल्याही गावात चालत नाही. मी पुलाच्या मधोमध उभी राहून सत्तर वर्षांच्या अर्ध्या पेन्यांची बेरीज करायला लागले, तशी लेक म्हणाली, “आई, आता इथेही ऑडिट नको.”

पूल उतरला की डंकेल्ड. आखूड रस्ते, पांढऱ्या भिंतींची बुटकी घरं, मधे चौक. बघताना वाटतं, युगानुयुगं असंच असणार. पण १६८९च्या ऑगस्टमध्ये हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. पदच्युत राजा जेम्सच्या बाजूने लढणारे हायलँडर एकीकडे आणि कॅमेरोनियन म्हणवणारे कडवे प्रोटेस्टंट सैनिक दुसरीकडे. कॅमेरोनियन संख्येने फारच कमी, त्यांचा तरुण सेनापती विल्यम क्लेलंड लढतानाच पडला. गोळ्या संपत आल्या तेव्हा त्यांनी सरदाराच्या वाड्याच्या छपराचं शिसं काढून नव्या ओतल्या. शत्रू ज्या घरांतून गोळीबार करत होता, त्यांची दारं बाहेरून बंद करून घरं पेटवून दिली. संध्याकाळी गावात तीन घरं उभी होती. आता दिसतात ती त्यानंतर बांधलेली. तीही विसाव्या शतकात मोडकळीला आली होती. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९५०च्या दशकात ती डागडुजी करून माणसांना राहायला दिली. म्हणून खिडक्यांत कुंड्या आहेत आणि दारात ओल्या छत्र्या.

चौकातल्या एका घराच्या भिंतीवर लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. कापड मोजायचं ते जुनं स्कॉटिश माप, एल. लांबी सुमारे ३७ इंच. बाजारात विणकराने कमी मोजलं असं वाटलं तर गिऱ्हाइकाने इथे यायचं आणि कापड पट्टीला लावायचं. आपला वार ३६ इंचांचा, म्हणजे या गावात लुगडं घेतलं असतं तर नऊवारीत नऊ इंच जादा पडले असते. मी हे यांना सांगितलं, त्यांना त्यात फारसं काही वाटलं नाही. मला मात्र ती पट्टी सगळ्या गावात उजवी वाटली. भर चौकात, सगळ्यांच्या हाताशी, कुणाची परवानगी नको. टोलचा हिशेब असा भिंतीवर लावला असता, तर नदीत फाटकं गेली नसती.

गल्लीच्या टोकाला कॅथेड्रल आहे. अर्ध्या भागाला छप्पर नाही, गवत वाढलंय; उरलेल्या अर्ध्यात गावाची प्रार्थना चालते. भिंतींवर १६८९च्या गोळ्यांच्या खुणा आहेत. आत एका चिलखतधारी सरदाराचं दगडी शिल्प पहुडलेलं आहे. हा ‘बॅडनॉकचा लांडगा’. १३९० साली एल्गिनचं कॅथेड्रल जाळणारा माणूस, आणि पुरला तो इथल्या कॅथेड्रलमध्ये. नाटकात मॅक्बेथ ज्याला झोपेत मारतो, त्या डंकन राजाचं घराणंही इथलंच. खऱ्या डंकनचा बाप क्रायनन डंकेल्डचा मठाधिपती होता. मुलाला १०४० साली मॅक्बेथने मारलं, झोपेत नव्हे, लढाईत. पाच वर्षांनी मॅक्बेथशी लढताना बापही इथे डंकेल्डलाच पडला. जंगलाचं नाव सगळ्यांना माहीत झालं, या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही.

कॅथेड्रलच्या पलीकडे, नदीच्या बाजूला लार्चचं एक प्रचंड झाड आहे. सूचिपर्णी, तरी हिवाळ्यात पानं गाळणारं. टिरोलच्या डोंगरांतून आणलेली रोपं १७३८ साली इथे लावली, त्यांतलं हे उरलेलं. अथॉलच्या ड्यूकांनी पुढे या भागात लाखोंनी लार्च लावले, आणि त्यात सगळ्यांत पुढे होता तो टोलवाला चौथा ड्यूक. सांगतात की समोरच्या कड्यावर माणूस पोचेना, तेव्हा त्याने तोफेत बिया भरून कड्यावर डागल्या. आरमाराच्या जहाजांना हे लाकूड लागणार, असा त्याचा दूरचा हिशेब होता. झाडं मोठी होईतो जहाजं लोखंडाची व्हायला लागली. कड्यावरचं रान मात्र आजही दाट आहे, आणि त्यात फिरायला कुणालाही पैसे पडत नाहीत.