मिस्टर आले नाहीत का?

आज परभणीत बँकेत माझ्या पुढच्या ताईंना साहेबांनी पहिलं हेच विचारलं. ताईंचं मिरची कांडप आहे. मोठं यंत्र घ्यायचं म्हणून कर्ज हवं.

त्यांनी बचत गटाचं पासबुक पुढं केलं. "एक हप्ता चुकला नाही, सर." साहेबांनी ते उघडलंसुद्धा नाही. "घर कोणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"मग जामीनदार आणा. मिस्टरांची सही लागेल."

मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे २०१५ पासून ऐकतोय. मुद्राच्या खातेदारांत बायकाच जास्त, हेही खरं. पण बहुतेकींचं कर्ज शिशू गटातलं, म्हणजे ५०,००० च्या आत. तेवढ्यात यंत्र, मोटार, पत्र्याचं शेड आणि हंगामाची मिरची बसवून दाखवा बरं!

दुकानासाठी मी कर्ज काढलं तेव्हा बायको कुठंय, असं कुणी विचारलं नव्हतं. आणि घर माझ्याही नावावर नाही, वडिलांच्या आहे.

तुमच्या गावात धंदा बाईचा आणि कर्जही तिच्या एकटीच्या सहीवर, अशा किती जणी आहेत?