लँड क्रूझर ३०० + तीन टनी कॅराव्हॅन, मेलबर्न ते उलुरू: आधी वजनकाटा, मगच निघा

कालच ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या उलुरूला पोचलोय, गाडीमागे कॅराव्हॅन (ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घेऊन, अंग पार आंबलंय, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. जुलैच्या सुट्टीत आपली बरीच मंडळी मेलबर्न-सिडनीहून इकडे येतात आणि सगळ्यांना तेच ऐकवलं जातं जे मला कॅराव्हॅन विकणाऱ्याने ऐकवलं, "लँड क्रूझर आहे ना, ३५०० किलो ओढते, बिनधास्त न्या."

अजिबात बिनधास्त नेऊ नका. ३५०० खरंय, पण तो फक्त ओढायचा आकडा झाला. सहारा मॉडेल रिकामी साधारण २६३० किलो, आणि भरलेल्या गाडीची मर्यादा म्हणजे जीव्हीएम ३२८०. हातात उरले ६५०. कॅराव्हॅनचा जो भार टो बॉलवर (गाडीच्या मागचा जोडणीचा गोळा) पडतो, म्हणजे बॉल वेट, तो या ६५० मधूनच जातो, हे कोणी सांगत नाही! कॅराव्हॅनवरच्या माहितीच्या प्लेटवर जो बॉल वेट असतो तो रिकाम्या कॅराव्हॅनचा. आमच्या प्लेटवर १९० होता, पाणी-गॅस-सामान भरल्यावर काट्यावर निघाला ३१०. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या म्हणजेच १९० किलो, आणि त्यातली एक ॲक्सलच्या पुढे. आता उरलेल्या ३४० मध्ये चार माणसं, स्टीलचा बुलबार (पुढचा संरक्षक गार्ड), फ्रिज, टूल्स, जास्तीचं स्पेअर टायर बसवून दाखवा. आम्ही १२० किलोने वर होतो.

दुसरं म्हणजे जीसीएम, गाडी अधिक कॅराव्हॅन मिळून एकूण वजनाची मर्यादा, ६७५०. ३२८० आणि ३५०० ची बेरीज करा, ६७८० येते. म्हणजे दोन्ही फुल्ल भरून चालतच नाही. सस्पेन्शन बदलून जीव्हीएम वाढवून देतात, पण त्यात जीसीएम वाढतो का ते कागदावर लिहून घ्या. ओव्हरलोड गाडीला अपघात झाला तर विमावाले हात वर करू शकतात.

ॲडलेडला पब्लिक वजनकाट्यावर जा. कॅराव्हॅन जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या, मग कॅराव्हॅन सोडून नुसती गाडी. दोन्हीतला फरक म्हणजे बॉल वेट. मग कॅराव्हॅनची चाकं वेगळी. फी किरकोळ आहे, कंजूषपणा करू नका. आम्ही कॅराव्हॅनच्या मागच्या बंपरवरच्या सायकली, जनरेटर आणि एका टाकीतलं पाणी तिथेच कमी केलं, सामान मित्राच्या गॅरेजमध्ये टाकलं.

मेलबर्न ते पोर्ट ऑगस्टा रस्ता छान आहे, लिहिण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा त्याच्या पुढे, ग्लेनडॅम्बो ते कूबर पिडी. २५० किलोमीटर, मध्ये पेट्रोल पंप नाही, झाड नाही, नुसता आडवा वारा. समोरून ५३ मीटरची रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) येते, आधी हवेचा दणका बसून कॅराव्हॅन बाहेर ढकलली जाते आणि ती गेल्या गेल्या आत ओढली जाते. एकदा स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं आणि आरशात व्हॅनचा मागचा कोपरा डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली डुलते तशी. बायको काही बोलली नाही, फक्त दाराचं हँडल धरलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरची लिव्हर हाताने ढकलायची म्हणजे फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात आणि ती मागून गाडीला ताणून सरळ करते. ही लिव्हर कुठे आहे ते ड्रायव्हिंग करणाऱ्या प्रत्येकाला अंधारात सापडली पाहिजे. सायकली मागच्या बंपरवर असत्या तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. मागे लटकवलेलं वजन हेच डुलण्याचं मोठं कारण, त्यामुळे जड सामान ॲक्सलच्या आसपास आणि खाली, आणि बॉल वेट कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के ठेवा. कमी केलात तर ती डुलणारच.

स्पीड ९०, बास. लिमिट ११० आहे म्हणून मागचे लोक चिडतात, चिडू देत. रोड ट्रेन ओव्हरटेक करायला आली तर यूएचएफ रेडिओवर चॅनल ४० ला बोलून घ्या.

डिझेल आम्हाला सरासरी २२ लिटर लागलं दर १०० किलोमीटरला, वारा समोरून आला की २७. टाकी ११० लिटरची, म्हणजे वाऱ्यात धड ४०० किलोमीटरही खात्रीचे नाहीत. ग्लेनडॅम्बोच्या आधी लागणाऱ्या पिम्बाला आणि ग्लेनडॅम्बोला दोन्हीकडे भरा. दर शहरापेक्षा बरेच जास्त आहेत, तरी भरा. टॉप गिअरमध्ये गाडी धापा टाकते, दहा स्पीडचा गिअरबॉक्स आहे, मॅन्युअलला टाकून सातवा-आठवा धरा आणि ट्रान्समिशनच्या तापमानावर लक्ष ठेवा.

इंजिनाबद्दल तक्रार शून्य. ७०० न्यूटन मीटर टॉर्क, चढावर कळतही नाही मागे तीन टन आहेत. पण त्यामुळेच माणूस फसतो, कारण ओढायची ताकद भरपूर आहे आणि वजन पेलायची मर्यादा फार आधी संपते. दोन मुलं, बुलबार आणि तीन टनाच्या वरची व्हॅन असा बेत असेल तर घेऊच नका, अडीच टनाची बघा.

परतीला कूबर पिडीहून उजाडल्या उजाडल्या निघणार आहे, वारा साधारण नऊनंतर वाढतो. अंधारात मात्र निघू नका, कांगारू असतात.