तुम्ही विचारलंत म्हणून: एका चार्जला किती जाते?

माझ्या विजेवरच्या गाडीची हिरवी नंबरप्लेट दिसली की लोक बोलायला येतातच. कावळा नाक्याच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला, कळंबा तलावावर फिरायला येणारे काका, हॉटेलच्या पार्किंगमधला वॉचमन, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, एका चार्जला किती जाते?" उत्तर द्यायच्या आत दुसरा येतो, "मग लांब कसं जाता? मधेच बंद पडली म्हणजे?" सिग्नल सुटायच्या आत काय सांगणार? "जाते की दोनशे," म्हणते आणि पुढं निघते. त्यात खोटं काही नाही, पण त्यावरून कुणाला प्रवास आखता यायचा नाही. तुम्ही निवांत विचारलंत, तर नीट सांगते.

माझ्या गाडीची बॅटरी 30 युनिटांची. युनिट म्हणजे तेच, महावितरणच्या बिलावर असतं ते. कंपनीच्या कागदावर या बॅटरीला तीनशे किलोमीटरच्या वरचा आकडा छापलेला आहे. हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. त्या चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी तिशीच्या आसपास आणि कमाल वेग 90. राजारामपुरी ते रंकाळा अशी गाडी चालवली तर त्या आकड्याच्या जवळपास जाता येईलही. महामार्गावर विसरायचं.

म्हणून लांब जायचं असेल तेव्हा मी किलोमीटर मोजत नाही, युनिट मोजते. महामार्गावर 80 च्या वेगानं चाललं की मला एका युनिटमागं सातेक किलोमीटर मिळतात. 100 नं चाललं की साडेपाच. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि ताशी ऐंशीच्या पुढं गाडीची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पेट्रोलच्या गाडीतही हेच होत असतं, पण तिथं टाकी मोठी आणि पंप जागोजागी, त्यामुळं कुणाला जाणवत नाही. एसीला लोक उगाच घाबरतात. गाडी एकदा गार झाली की एसी तासाला एखादं युनिट खातो. उन्हाळ्यात काचा खाली करून घामाघूम होत जाण्यापेक्षा वेग दहानं कमी करा, त्यात जास्त वाचतं.

हे झालं सपाट रस्त्याचं. पण आपण कोल्हापूरकर सपाट रस्त्यानं जाऊन जाऊन जाणार कुठं? सुट्टी लागली की अर्धं कोल्हापूर घाट उतरून कोकणात. आणि खरा हिशेब तिथंच आहे.

माझं माहेर रत्नागिरीचं. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत साधारण 130 किलोमीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचावर, घाटमाथा त्याहून उंच, आणि रत्नागिरी समुद्राला टेकलेली. चौघं माणसं आणि सामान धरून गाडी पावणेदोन टनांच्या घरात जाते. एवढं वजन 100 मीटर उंच चढवायला साधारण अर्धं युनिट लागतं. शाळेतलं वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची हे गणित करून बघा, तेवढंच येईल. म्हणजे येताना घाटमाथा गाठायला, अंतराचा खर्च सोडून, नुसत्या चढासाठी तीन युनिट. बॅटरीचा दहावा हिस्सा.

उतरताना यातलं काही परत मिळतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, गाडी आपोआप मंदावते आणि बॅटरीत वीज जाते. पण चढायला गेलेलं सगळंच्या सगळं परत येत नाही, साधारण दोन तृतीयांश मिळालं तरी पुष्कळ. आंबा घाट उतरताना मी ब्रेकवर पाय जवळपास ठेवतच नाही. साखरप्यात टक्केवारी घाटमाथ्याइतकीच असते, कधी एखाददुसऱ्या टक्क्यानं जास्त.

आता बेरीज करा. या रस्त्याला वेग मुळातच कमी, त्यामुळं युनिटमागं आठ किलोमीटर धरले तर 130 ला सोळा युनिट. जाताना उताराची मदत वजा केली की चौदा. येताना चढ मिळवला की एकोणीस-वीस. जाताना माहेरच्या दारात पोहोचते तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक असते आणि शेजारचे म्हणतात, "अगो, मग तशीच परत जाशील की!" नाही जाणार. चौदा आणि वीस चौतीस, आणि बॅटरी तिसाची. तेच अंतर, तोच रस्ता, पण परतीचा प्रवास वेगळाच धरायला लागतो. गगनबावड्यावरून वैभववाडी, आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी, कुठूनही उतरा, हिशेब हाच.

घाट चढताना अजून एका गोष्टीनं माणूस घाबरतो. गाडीच्या पडद्यावर "इतके किलोमीटर उरले" असा जो आकडा दिसतो, तो मागच्या काही किलोमीटरांचा खर्च बघून गाडीनं बांधलेला अंदाज असतो. पुढं घाट संपणार आहे हे तिला ठाऊक नसतं. त्यामुळं चढाला लागलं की तो आकडा धडाधड कोसळतो. एकदा बहीण शेजारी बसली होती, ती अर्ध्या घाटात गणपतीला नवस बोलायला लागली. वर आंब्याला पोहोचून जरा पुढं गेलं की तोच आकडा पुन्हा चढायला लागतो. घाटात त्या आकड्याकडं बघायचंच नाही, टक्के बघायचे.

याची उलटी बाजूही आहे. पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याला मुक्काम केलात आणि रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरलीत, तर सकाळी उतरताना तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग मोटर गाडी धरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर राहणार असाल तर नव्वदलाच थांबवा.

माहेरी पोहोचल्यावर चार्जिंग कुठं, हा पुढचा प्रश्न. पंधरा अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो. गाडीबरोबर मिळणारा चार्जर तासाला तीनेक युनिट भरतो, म्हणजे रात्री जेवणं झाल्यावर लावली की सकाळी चहापर्यंत काम झालं. पण सॉकेट असणं आणि त्याच्यावर गाडी चार्ज होणं या दोन वेगळ्या गोष्टी. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. फ्रिज, मिक्सर, गिझर सगळं त्याच घरात वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं असतं, त्यामुळं घरचे म्हणतात गाडीतच बिघाड आहे. कोकणात तर हा प्रकार फार. जांभ्याच्या सड्यावर ओल टिकत नाही, कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट जात नाही, आणि मे महिन्यात तर अर्थिंग असून नसल्यासारखं. भावानं शेवटी वायरमनला बोलावून खड्डा खोल करून घेतला, मीठ-कोळसा भरून नवी पट्टी टाकली. उन्हाळ्यात वहिनी अबोलीला पाणी घालताना दोन तांबे त्या खड्ड्यातही ओतते.

कुणाकडं पाहुणे म्हणून जाणार असाल तर आधी फोन करून एवढंच विचारा: पंधराचा सॉकेट पार्किंगजवळ आहे का, आणि अर्थिंग आहे का. बाजारातली हलकी एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नका. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर कमीत कमी, चारची असेल तर उत्तम, आणि ती पूर्ण उलगडून ठेवायची. गुंडाळलेली वायर रात्रभर तेरा-चौदा अँपिअरवर तापून वितळते. लावल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका बसला तर काढायचा.

आणि विजेचे पैसे? हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा. गाडी पूर्ण भरली तर यजमानाच्या मीटरवर तीसेक युनिट पडतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100 आणि 300 युनिटांवर बदलतात. ज्यांचं महिन्याचं बिल शंभराच्या आत राहतं, त्यांच्याकडं आपण दोन रात्री गाडी लावली की वरची युनिटं महागड्या टप्प्यात जातात. भावाला पैसे द्यायचं काढलं तर माहेर तुटेल. म्हणून मी जाताना गुळाची ढेप नेते. कोल्हापुरी गुळाला कोकणात नाही कोण म्हणतं? पण लांबच्या ओळखीत, लॉजवर किंवा घरगुती खानावळीत मी आधीच युनिटचा दर ठरवून पैसे देते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तोंड वाकडं करत नाही.

पुण्याचं त्या मानानं सोपं. साधारण 230 किलोमीटर, म्हणजे एका दमात नाही, मधे एकदा थांबायचं. कराड 75 वर, सातारा 120 वर. चार्जर शोधायला प्लगशेअरसारखी ॲप आहेत. त्यांत चार्जर दिसला म्हणून खूश होऊ नका, त्याच्याखाली शेवटच्या माणसानं कधी आणि काय लिहिलंय ते वाचा. नकाशावर हिरवा आणि जागेवर बंद, हे सर्रास होतं. गन (चार्जरच्या वायरचं गाडीत खुपसायचं तोंड) खराब, नेट नाही, लाईट गेलेली, नाहीतर चार्जरसमोर कुणीतरी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेलं. म्हणून माझा नियम असा: ज्या चार्जरला थांबायचंय तिथं पोहोचताना, तो बंद निघाला तरी त्याच्या पुढचा गाठता येईल इतकी बॅटरी हवी. साताऱ्यात मी चाळीस टक्क्यांना पोहोचते. तिथं चालू नसला तर वेग कमी करून शिरवळ गाठता येतं. साताऱ्यापुढंच भरू, असं म्हणून दहा टक्क्यांवर शिरवळला उतरणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं बीपी त्यांनाच ठाऊक.

फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपुढं थांबण्यात अर्थ नसतो. तोवर वीज भराभर जाते, पुढं गाडी स्वतःच वेग कमी करते. गच्च भरलेल्या एसटीत शेवटच्या चार माणसांना आत घ्यायला लागतो, तसा उरलेल्या वीस टक्क्यांना वेळ लागतो. ऐंशीला गन काढायची, मागच्याला जागा द्यायची. एकाच चार्जरला दोन गन असतील आणि दोन्ही लागल्या असतील तर वीज बहुधा वाटली जाते, तेव्हा शेजारी आधीच गाडी असेल तर वेळ वाढवून धरा. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि बहुतेकांत आधी पैसे भरून ठेवावे लागतात. ही ॲप घरच्या वायफायवर उतरवून, थोडे पैसे टाकून, निघायच्या आधीच तयार ठेवा. दर घरच्या विजेच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं, पण "फुकटात फिरता" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

टोलचंही सांगून टाकते, कारण टोल म्हटलं की कोल्हापूरकराचे कान उभे राहतात, शहरातला टोल आपण आंदोलन करून घालवलाय. राज्याच्या 2025 च्या धोरणात विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर. किणी आणि तासवडे हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके, तिथं फास्टॅगमधून गपगुमान कटतात.

पावसाळ्यात मात्र मी वेगळी वागते. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. घाटात दरड कोसळली की दुसऱ्या घाटानं वळसा. पेट्रोलच्या गाडीला वळसा म्हणजे वेळ, माझ्या गाडीला वळसा म्हणजे युनिट. वर त्याच पावसात लाईट गेलेली असते, म्हणजे चार्जरही गेले. जून ते सप्टेंबर मी एरवीच्या वीसऐवजी पस्तीस टक्के बॅटरी राखून ठेवते, आणि रेड अलर्ट असेल तर माहेरी एक दिवस जास्त राहते. त्याला कुणाची हरकत नसते.

मुंबईला या गाडीनं मी जात नाही. पावणेचारशे किलोमीटर, दोन थांबे, आणि तिथं पोहोचल्यावर नणंदेच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला उभं राहायलाच जागा नाही, सॉकेट कुठून असणार? रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी.