ईएसआयला ‘ऑप्शन’ नको, आहे ती ईएसआय नीट चालवा

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्सचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांसाठीची सक्तीची सरकारी विमा योजना) असं सगळं काम मी बघतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेव्हापासून मालक लोकांच्या बोलण्यात एक जुनी मागणी परत यायला लागलीये, की कामगाराला ईएसआयची सक्ती कशाला, त्याला चॉईस द्या ना, ज्याला ईएसआय हवं त्याने ते ठेवावं, ज्याला नको त्याने बाजारातली मेडिक्लेम घ्यावी. ऐकायला एकदम भारी वाटतं, माझ्या ओळखीतले दोन-तीन तरुण ऑपरेटर पण म्हणाले की मग बरंच होईल. मला अजिबात बरं वाटत नाही आणि का ते सविस्तर लिहितोय.

ही कल्पना काही आजची नाही. २०१५ च्या बजेट भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी हेच मांडलं होतं, की कर्मचाऱ्याला ईएसआय किंवा विमा नियामकाची मान्यता असलेली पॉलिसी यातलं एक निवडता यावं, आणि पीएफ-ईएसआयकडे ग्राहक नाहीत तर ओलीस आहेत असंही ते तेव्हा म्हणाले होते. पुढे तसा कायदा झाला नाही. पण कल्पना काही मेली नाही.

आधी पैशाचा हिशोब बघा. २०,००० पगार असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये कापले जातात, मालक ३.२५ टक्के म्हणजे ६५० भरतो, महिन्याला एकूण ८००. यात तो स्वतः, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील सगळे येतात, वय कोणी विचारत नाही, शुगर-बीपी आधीपासून आहे का कोणी विचारत नाही, ओपीडीची औषधं यात, उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आता २४ वर्षांचा सीएनसी ऑपरेटर आणि ५३ वर्षांचा डायबेटिसवाला हेल्पर, पगार सारखा असेल तर दोघांचं कापलं जाणारं सारखंच. मेडिक्लेममध्ये असं नसतं, तिथे प्रीमियम वयावर ठरतो आणि आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवता येतं. म्हणजे चॉईस दिला की तरुण, निरोगी, बिनलग्नाची पोरं स्वस्तातली पॉलिसी घेऊन निघून जाणार, मागे राहणार वय झालेले, आजारी, मोठ्या कुटुंबाचे. मग ईएसआयकडे पैसा कमी आणि पेशंट तेवढेच, औषधं अजून कमी, रांगा अजून लांब, आणि ते बघून उरलेल्यातले अजून काही बाहेर. ही भिशी आहे हो, ज्यांना सध्या पैशाची गरज नाही त्यांनीच हप्ता थांबवला तर ज्याला गरज आहे त्याला कुठून देणार?

चिलीमध्ये हे करून झालंय. हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत १९८१ मध्ये तिथल्या लोकांना मुभा दिली की तुमचं आरोग्याचं सक्तीचं योगदान, जे पुढे पगाराच्या ७ टक्के झालं, ते फोनासा या सरकारी आरोग्य विम्याऐवजी इसाप्रे नावाच्या खासगी विमा कंपन्यांकडे न्या. चांगल्या पगाराचे, तब्येतीने ठणठणीत लोक तिकडे गेले, म्हातारे आणि गरीब फोनासात राहिले. इसाप्रेमध्ये मूल होण्याच्या वयातल्या बायकांकडून पुरुषांपेक्षा जास्त पैसे घ्यायचे, वय वाढलं की प्लॅन महाग, आणि शेवटी प्रकरणं कोर्टात गेली. आपल्याला हे परत स्वतःवर करून बघायची काही गरज नाहीये.

आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की ईएसआय आणि मेडिक्लेमची तुलनाच चुकीची केली जाते. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देते. ईएसआय बिल तर देतेच पण घरी बसल्याचा पगार पण देते. अटीत बसत असाल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. टीबी, कॅन्सरसारख्या लांब आजारात ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघात झाला तर ९० टक्के, आणि त्याला किती महिने भरलेत ही अटच नाही. माझ्या ओळखीच्या एका युनिटमध्ये पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली, कामाला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. उपचार झाले, काम बंद होतं तोवर ९० टक्क्यांच्या हिशोबाने पैसे आले, नंतर मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं आणि आता दर महिन्याला त्याच्या खात्यात रक्कम येते, जन्मभर येणार. मेडिक्लेम असती तर टाके घालून डिस्चार्ज मिळाला असता आणि विषय तिथेच संपला असता. अपघातात जीव गेला तर बायको-मुलांना पेन्शन, हे पण ईएसआयमध्येच. कामावर येता-जाताना रस्त्यात झालेला अपघातसुद्धा धरतात, आणि नाशिक फाट्यावरून चाकणला रोज बाईकने जाणाऱ्याला ते किती मोठं आहे हे सांगायला नको. निवृत्त झाल्यावर, निदान पाच वर्षं भरलेलं असेल तर, वर्षाला १२० रुपयात नवरा-बायको दोघांचे उपचार चालू राहतात. साठीनंतर इतक्या पैशात कोणती कंपनी दारात उभं करेल?

चॉईस कोणाचा हाही प्रश्न आहेच. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा जॉईन होताना वीस कागदांवर न वाचता सह्या करतो, एकविसावा कागद ‘मला ईएसआय नको’ असा असेल आणि ठेकेदार सांगेल इथे कर, तो करेल. मी हे कागद रोज हाताळतो.

ईएसआयमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात औषध नसतं, बाहेरून घ्या सांगतात, मग बिलाचा क्लेम महिनोन्महिने अडकतो. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायच्या रेफरच्या कागदासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला हॉस्पिटलं आहेत पण कामगार आता चाकण, रांजणगाव, शिक्रापूरपर्यंत पसरलाय. लोक चिडतात ते बरोबरच चिडतात. पण मग सुधारणा काय झाली, तर जुलै २०१९ मध्ये एकूण योगदान ६.५ टक्क्यांवरून ४ टक्के केलं, मालकाचा वाटा ४.७५ वरून ३.२५. कामगाराचे थोडे वाचले, मालकाचे जास्त वाचले, रांग तशीच. आणि ईएसआयमध्ये बसण्यासाठीची पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० वर अडकलीये, त्यामुळे एक इन्क्रिमेंट मिळालं की ती सहामाही संपताच माणूस योजनेतून बाहेर, कितीतरी जण पगारवाढ मिळूनही तोंड पाडून माझ्याकडे येतात. बदल करायचाय ना, मग ही मर्यादा वाढवा आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढत ठेवा, औषधखरेदी सुधारा, चाकण पट्ट्यात रात्री उघडा असणारा दवाखाना द्या.

मालकांसाठी पण एक गोष्ट, कारण हा चॉईस मागणारी निवेदनं तुमच्याच असोसिएशनमध्ये फिरतायत. कामगार ईएसआयमध्ये आहे तोवर त्याच्या अपघाताची भरपाई आणि बाईच्या बाळंतपणातल्या २६ आठवड्यांचा पगार ईएसआयसी, म्हणजे ही योजना चालवणारं महामंडळ, देते. तो बाहेर पडला की हे दोन्ही कायद्याने तुमच्या अंगावर येतं, आणि मेडिक्लेमची पॉलिसी त्यातलं काहीच उचलत नाही. मग बायकांना कामावर घ्यायला कोण तयार होईल, हे तुम्हीच मला सांगा. तेव्हा सही करायच्या आधी तुमच्या युनिटचा हा हिशोब माझ्याकडून मांडून घ्या, मी फुकट करून देतो.